ताईची शेवटची नळी

मेलेल्या माणसांच्या पेशी जाग्या करायचं माझं काम. हसू नका, खरंच सांगते. हिवतापाच्या गावांतल्या लोकांचं रक्त आणायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी गोठवायच्या, आणि पुढे कधीतरी, माणूस गेल्यावरसुद्धा, त्या वितळवून त्यांच्यासमोर हिवतापाचे जंतू सोडून बघायचं, ओळखतात का. ओळखलं की भिंगाखाली हिरव्या चमकतात.

त्या दिवशी गोठवलेल्या पेशींची नळी ताईची होती, माझ्या सख्ख्या बहिणीची. ती गावाकडे अपघातात गेली, मी पोचायच्या आतच, त्याला वर्ष झालं होतं. नळी एकच उरली होती.

"तुला नको वाटत असेल तर मी करते," आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझी ताई आहे. मीच उठवते."

बारीक खळग्यांच्या ताटलीत तिच्या पेशी घातल्या, तुलनेला शेजारी माझ्या, आणि दोन्हींवर जंतू सोडले. तुलनेला काम करणाऱ्यांचंच रक्त घ्यायची आमच्याकडे पद्धतच आहे, घरचं रक्त फुकट मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघताना माझ्या लेकीचं, भिंगरीचं अंग तापलेलं लागलं. पंधरवड्यापूर्वी आम्ही मायलेकी ताईचं घर आवरायला गावी राहून आलो होतो, मच्छरदाणीशिवाय.

"दवाखान्यात नेऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"काही नको! आमच्या घराण्यात ताप अंगावर काढतात. मावशीचं रक्त आहे तिच्यात."

ताई जन्मभर डासांच्या गावात राहिली, पण तापाने अंथरूण धरलेली कुणी पाहिली नाही. तेच मी भिंगरीच्या नावावर खुशाल लावून टाकलं.

कामावर येऊन भिंगाला डोळा लावला. ताईचा खळगा हिरवागार होता. सर्रकन काटा आला अंगावर. जिचा देह वर्षापूर्वीच संपला, ती जुन्या वैऱ्याची चाहूल लागताच उठून बसली होती. "अगं बाई, ताई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग माझा खळगा बघितला. अंधार. भिंग पुसून परत बघितलं, तरी काळाकुट्ट.

"मेल्यात का माझ्या पेशी?"

"जिवंत आहेत. विसरल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाव सोडून किती वर्षं झाली तुला? ही ओळख वारशाने येत नाही गं, चावे खाऊन येते. चावे थांबले की जाते."

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? रोज हेच करते. पण घरच्या माणसांना शास्त्र लावतं कोण! मीच विसरले होते, आणि भिंगरी तर शहरातच जन्मलेली.

नवऱ्याला फोन लावला. "अहो, तिला उचला आणि दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, शांत झोपलीय. मघापासून हाका मारतोय, ओ पण देत नाही."

ताटली भिंगाखाली तशीच सोडून मी धावत सुटले.

हिवतापच निघाला, मेंदूपर्यंत गेलेला, पण भिंगरी वाचली. थोडक्यात निभावलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तिने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा मी तिच्या उशाशी घळाघळा रडले.

कामावर परतले तर डॉक्टरबाईंनी ताटली तशीच राखून ठेवली होती. बघितलं. माझ्या पेशी मख्खपणे जिवंत होत्या. ताईचा खळगा विझला होता; लढलेल्या पेशी लवकर संपतात.

वापरलेली ताटली जंतूंच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायची असते. मी ती हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. ताई दुसऱ्यांदा गेली, आणि याही वेळी मी तिच्याजवळ नव्हते.