एलेमाची शीळ

तालासोचं अख्खं घर उंटाच्या पाठीवर मावतं. वाकवलेल्या काठ्या, चटया, कातडी, दुधाची विणलेली भांडी. उत्तरेला पाऊस पडल्याची खबर आल्यामुळे पहाटेच तळ हलणार होता. घर मोडून, बांधून ती तयार होती, पण तिचा उंट, दालच, पुन्हा नाहीसा झाला होता.

कुठे असेल, हे तिला ठाऊक होतं. कोरड्या ओढ्याकाठच्या काटेरी जाळीत एक तपकिरी पक्षी राहतो. भुवईवर पांढरी रेघ, शेपटी तांबूस, आणि लाजरा इतका, की चाहूल लागली की गडप. दुसऱ्यांचे आवाज उचलण्यात मात्र बेटा पटाईत. तिचा नवरा एलेमा त्याच जाळीपाशी शीळ घालून दालचला बोलवायचा. दोन लांब, एक तुटकी. दोन महिन्यांपूर्वी तापानं एलेमा गेला आणि शीळ पक्ष्याकडे राहिली.

"वहिनी, ऊन चढेल. त्या हट्टी धोंड्याला सोडा इथेच. सामान माझ्या उंटांवर टाकू," धाकटा दीर सोरी म्हणाला.

"सिंहाच्या तोंडी देऊ त्याला?"

"तीनदा शीळ घातली मी! ढुंकून बघत नाही."

"भावजी, तुमच्या शिळेत वारा कमी, थुंकीच जास्त."

ती एकटीच निघाली. धुरकट उजेडात दालच जाळीत मान खुपसून उभा होता. आतून शीळ आली आणि तालासोचे पाय जागीच थांबले. एलेमा झुडपामागे नुसता बसलाय, आता उठेल, असंच तिला वाटलं. इथेच राहावं, ऐकत राहावं. जीव तुटत होता तिचा.

"तो नाही रे यायचा," ती दालचला म्हणाली. तो हलला नाही.

त्यांच्यात बायका शीळ घालत नाहीत. तिनं ओठ आवळले. आधी नुसती फुंकर निघाली. मग दोन लांब, एक तुटकी.

दालचनं मान बाहेर काढली. ती मागे न पाहता चालू लागली, तो मागोमाग. तेवढ्यात जाळीतून पुन्हा शीळ आली, हुबेहूब एलेमाची. दालच थबकला. तीही थबकली.

डोळे वाहत होते. तिनं त्या शिळेवर आपली शीळ घातली, आणखी जोरात.

दालच तिच्याकडे आला.