पाळकाच्या शेळीचा लिलाव

सुंदरराव पाळकाची शेळी आटली तवा गावात लई बोलणी झाली. कुणी म्हणलं नजर लागली, कुणी म्हणलं पाला बाधला. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, शेळीला आन् सुंदररावाला. शेळीला बोलता येत नव्हतं, आन् सुंदरराव सांगत नव्हता.

शिरूर कासारकडल्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण दुःख घेऊन पाळकाकडं यायचं समदं गाव. दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघालेली माणसं एकेक करून त्याच्या ओट्यावर टेकायची. "सलाम, साहेब. म्हातारीला तुमच्या भरवशावर ठिवून चाललोय." दुसरा म्हणायचा पोरगं ऐकत न्हाई, तिसरी म्हणायची नवरा पितो. सुंदरराव समद्यांचं ऐकायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा, आन् माणूस पिसासारखं हलकं होऊन उठायचं. अजिनाथ तर एकदा इतका हलका झाला की ओट्यावरनं वाऱ्यानं उचलला तो थेट लिंबाच्या शेंड्याला अडकला. पाय धरून खाली वढावा लागला. खोटं वाटत असंल तर लिंब अजून तिथंच हाय.

पण वजन कुठं जाणार? ते ऱ्हायचं सुंदररावापाशी. त्याची मोटरसायकल साध्या चढावर धापा टाकायची. गाड्या दुरुस्त करणारा तानाजी म्हणायचा, "साहेब, गाडीत काई खोट न्हाई. तुमी खिशात धोंडे घालून फिरता का काय?"

सुंदरराव हसायचा. हसायची त्याला सवयच झालती.

चैतात त्याचा थोरला भाऊ आष्टीला वारला. भावाला माती देऊन सुंदरराव परत आला, तर दुसऱ्याच दिवशी तानाजीच्या पोरीचं लगीन. मांडव घातलेला, पोरीला हळद लागलेली. तो बायकोला म्हणला, "वत्सला, एक शब्द काढू नको. लग्नघरात रडारड नको." लगीन लावलं. पंगतीत बुंदी वाढली. मग वाटलं, आता सांगू. तर कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचा जावई रुसला. दिवस गेले ते गेलेच. आन् कुणी इचारलं बी न्हाई. पाळकाला दुःख असतं हे गावाच्या ध्यानीमनीच नव्हतं. विहिरीला कधी तहान लागती व्हय?

मग त्यानं शेळी धरली. पहाटे धार काढता काढता सांगायचा, "चांदे, दादानं मला सायकल शिकवली. हात सोडून दिला, आन् मला कळू न देता मागनं पळत ऱ्हायला बघ." चांदी आधी कान हलवायची. मग कान पाडून ऐकाय लागली. मग तिनं चारा सोडला, आन् मग दूध.

"हिला बी झेपंना," सुंदरराव म्हणला, "तर मला काय झेपणार?" त्यानं ठरवलं, हंगामाच्या सणाला उपासना संपत आली की आशीर्वादाआधी सांगून टाकायचं, मी पाळकी सोडतो.

वत्सलाबाई एवढंच म्हणली, "मग शेळी कशाला ठिवायची? लिलावात देते."

हंगामाच्या सणाला जो तो शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी देवाला आणतो, आन् मग आशीर्वादाआधी देवळातच, म्हंजी चर्चमधीच, त्याचा लिलाव होतो. बोली पुकारायचा मान भिवराबाईचा. म्हातारीच्या तोंडाला कुलूप न्हाई. गेल्या साली तिनं एक भोपळा इकला, म्हणली ह्याचा वेल एका रातीत शिरूरवरनं आष्टीला जाऊन आलता. तिचं घर पाळकाच्या गोठ्याला लागून, मधी नुसता एक पत्रा.

त्या दिशी उपासनेच्या सुरवातीलाच सुंदरराव म्हणला, आशीर्वादाआधी मला कायतरी सांगायचंय. मग लिलावात भिवराबाईनं चांदीला पुढं वढलं. "ही साधी शेळी न्हाई! हिच्या पोटात सायकल शिकवणारा माणूस हाय!"

देऊळ हसलं. सुंदरराव घाईघाईनं म्हणला, "आजी, फुडची वस्तू घ्या."

"गप बसा, साहेब. तुमी रविवारी बोलता तवा मी गप असते का न्हाई? घोरते, पण मधी बोलत न्हाई."

मागच्या बायकांतनं तुळजाबाई ओरडली, "अगं, गाभण हाय का ती?"

"गाभणच म्हण, बये. साहेबाचा थोरला भाऊ चैतात गेला. ते दुःख हिच्या पोटात वाढायलंय. शेळी घेईल त्यानं ते बी घ्यायचं. बोला!"

तानाजी उभा ऱ्हायला. "चैतात? म्हंजी माझ्या पोरीच्या लग्नात... साहेब, तुमी बुंदी वाढत व्हते की! कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी कावून इचारलं न्हाई?" वत्सलाबाई म्हणली. देवळात तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला लोकांनी.

सुंदररावानं राजीनाम्याचं बोलायला तोंड उघडलं, आन् बाहेर पडलं "दादा." मग तो असा रडला की बिंदुसरेचं धरण सांडावं. देवळाच्या आंगणातल्या कोरड्या बोअरला तवापासून पाणी हाय, असं भिवराबाई शपथेवर सांगती.

तुळजाबाई उठली. "मयताच्या घरची चूल आमी पेटू देत न्हाई. आन् हितं इतके महिने पेटली, आमाला पत्ता न्हाई!"

सांजच्याला समद्या गावानं कडू घास आणला. पिठलं, भाकरी, ठेचा. भाकरींची चवड देवळाच्या घंटेला टेकली. ज्या ओट्यावर सुंदरराव ऐकायला बसायचा, तिथं लोक ऐकायला बसले. अजिनाथ म्हणला, "साहेब, दादा कसे व्हते दिसायला?" आन् सुंदरराव सांगत ऱ्हायला, भाकरी हातातच निवली.

उठता उठता तानाजीला आठवलं. "साहेब, आज आशीर्वादाआधी तुमी कायतरी सांगणार व्हते ना?"

वत्सलाबाई नवऱ्याकडं बघत ऱ्हायली.

"व्हय," सुंदरराव म्हणला. "शेळी इकायची न्हाई. आन् आशीर्वाद ऱ्हायलाच, तो घेऊन जा."

दुसऱ्या पहाटे तो गोठ्यात गेला. उगंच हात फिरवत बसला. पत्र्यामागनं आवाज आला, "आज काई न्हाई का सांगायला?"

"न्हाई, आजी. झोपा."

चांदीनं मान वळवली आन् कडब्याची पेंढी वढली.