अठरा वर्षांचं शुल्क

लेक तुवा जन्मली त्या महिन्यापासून तिचा सरकारी बालभत्ता सोलवेगनं कधी घरखर्चाला लावला नाही. हेर्नोसांड गावातल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करकरून तिनं एकटीनं संसार ओढला आणि भत्ता परस्पर बँकेच्या फंडात जाऊ दिला. येत्या गुरुवारी तुवा अठराची होणार होती. तिच्या शिक्षणाचा, वेगळ्या शहरातल्या खोलीचा सगळा भरवसा त्या पुंजीवर होता.

रविवारी तुवानं जेवणाच्या टेबलावर दोन फंडांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली.

"फंडात हजारो लोकांचे पैसे एकत्र करून शेअर घेतात, एवढं तुला ठाऊक आहे, आई. पण काही फंडांत कंपन्या निवडायला तज्ज्ञ बसवलेले असतात, त्यांचा पगार आपल्या पैशातून जातो. दुसरे फंड बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्या सरसकट घेतात, म्हणून ते स्वस्त. तुझा तज्ज्ञांचा आहे. आता नावं वाच."

सोलवेगनं वाचली. दोन्हीकडे पहिल्या दहा कंपन्या त्याच, क्रमसुद्धा तोच. तिच्या फंडाचं शुल्क तेवढं सातपट. तुवाच्या हिशेबानं अठरा वर्षांत सत्तावन्न हजार क्रोनर त्या न केलेल्या निवडीपायी गेले होते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि मजुरी कारागिराची घ्यायची, याला काय म्हणावं? सोलवेगनं रागानं पत्रक टेबलावर आपटलं. थोडा राग स्वतःवरही होता, कारण शुल्काबद्दल तिनं बँकेत कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या गावात पैशाबद्दल विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावणं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातच तिथली सभ्यता.

सोमवारी ती बँकेत सल्लागार तोर्केलसमोर बसली. हा माणूस कमालीचा गोड. पैसे दुपटीहून जास्त झालेत, मग तक्रार कसली, असं त्यानं हसून विचारलं.

"ते बाजारानं वाढवले. तुमच्या लोकांनी काय केलं?"

तो जोखमीबद्दल, दूरच्या पल्ल्याबद्दल बोलत राहिला. तिनं ऐकून घेतलं आणि जन्मात कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला.

"तुमचे स्वतःचे पैसे कुठल्या फंडात आहेत?"

तोर्केलचे कान लाल झाले. हे खाजगी आहे, तो म्हणाला. ती हलली नाही. शेवटी तो पुटपुटला, "स्वस्तातल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"दर वर्षी तुम्ही मला कॉफी पाजलीत. ती मी कुठे मागितली होती?"

त्यानं फंड बदलायचा अर्ज पुढे सरकवला. यापुढचं शुल्क वाचेल, गेलेलं परत येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. तिनं सही केली.

बाहेर बाकावर नंबराची चिठ्ठी घेऊन एक तरुण जोडपं बसलं होतं, बाबागाडीत तान्हं बाळ. अनोळखी माणसाशी सोलवेग कधी हवेबद्दलसुद्धा बोलली नव्हती. ती त्यांच्यासमोर थांबली.

"बाळाच्या नावानं फंड काढताय? शुल्क किती सांगितलंय?"

नवऱ्यानं बाबागाडी जरा स्वतःकडे ओढली. बायको खाली बघत म्हणाली, "विचारायला बरं वाटलं नाही."

"सरका जरा," म्हणत सोलवेग त्यांच्या शेजारी बसली.