न गंजणाऱ्या ट्रेलरची गंजलेली कडी

थांबा, टकटक करू नका. आत कुणी नाही. मीच बोलतोय, दोन चाकांवरचा हा छोटा ट्रेलर. गाडीमागे जोडायचा, हवं तिथे न्यायचा, आत झोपायचं. एक पलंग, एक ओटा, दोन खिडक्या आणि एक दार, एवढ्यात माझा संसार आटोपतो.

पण मी जन्माचा चौकस! साच्यातून मला बाहेर काढलं तेव्हापासून बघतोय आणि विचारतोय. माझं अंग फायबरचं. खालची चौकट लोखंडाची, पण तिच्यावर जस्ताचा जाड थर. स्क्रू सगळे स्टेनलेसचे. "याला काही गंज चढायचा नाही," असं म्हणून कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारली होती. गंज म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

तिथून मी विक्रीच्या आवारात आलो. काय एकेक गिऱ्हाईक हो! कुणी चाकाला लाथ मारायचं. लाथ मारून कुणाला काय कळलंय आजवर? कुणी बुटांसकट पलंगावर आडवं व्हायचं. एक बाई तर नुसतं नाक आत घालून, हुंगून निघून गेल्या. मोठे ट्रेलर भराभर खपायचे आणि मी आपला कोपऱ्यात वाट बघत उभा.

मग एका सकाळी गंजकाका आले. हे त्यांचं टोपणनाव. जन्मभर पुलांचे कठडे आणि बोटी खरवडून रंगवल्या त्यांनी. अडकलेला, गंजलेला बोल्ट दिसला की तो सोडवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे म्हणे. बरोबर काकू होत्या. काकांच्या हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक. ते ज्या ट्रेलरला चिकटेल त्याच्यावर "हा गेला कामातून" असा शेरा मारून ते पुढे सरकायचे.

"काका, तुम्हाला हवाय तरी कसा?" विक्रेत्यानं कंटाळून विचारलं.

"लहान, टिकाऊ आणि न गंजणारा."

"जायचंय कुठे?"

काका चुंबकाची दोरी बोटाला गुंडाळू लागले. शेवटी काकूंनीच तोंड उघडलं. "लेकीकडे. तिनं समुद्राला लागून घर घेतलं. हे म्हणाले, खाऱ्या वाऱ्यात घर घेऊ नकोस, चार वर्षांत गंजून पडेल. तिनं ऐकलं नाही. मग हे म्हणाले, त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. झालं! सहा वर्षं मी एकटीच जातेय न् येतेय. यंदा मात्र बजावलंय, तुम्ही आला नाहीत तर मी तिकडून परत यायची नाही. म्हणून हा तोडगा. तिच्या दारात ट्रेलर लावायचा आणि त्यात राहायचं. अंगण लहान म्हणून ट्रेलर लहान. वारा खारा म्हणून न गंजणारा."

"आणि टिकाऊ कशासाठी?"

"यांचा हट्ट संपेपर्यंत टिकायला नको?"

विक्रेता पोट धरून हसला. काका मात्र पुटपुटले, "तुझ्या लेकीला सांगितलं होतं मी." तुझ्या लेकीला! लेक काय एकट्या काकूंची होती? मला काही कळेना.

चुंबक माझ्या अंगावरून सरळ घसरलं. काका थबकले. मग वाकून त्यांनी ते खालच्या चौकटीला लावलं, आणि चटकन चिकटलं! माझा जीव टांगणीला. काकांनी खिशातून खिळा काढून चौकट जराशी खरवडली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "जस्त आहे. चांगलं जाड आहे. हाच."

घरी नेल्यावर त्यांना माझ्या दाराची प्लास्टिकची कडी पसंत पडेना. "दाराला कडी लोखंडाचीच हवी. तेल मी देत जाईन," म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं नवी बसवली. आख्ख्या जगाचा गंज काढणाऱ्या माणसानं माझ्यात गंजू शकेल अशी एवढी एकच वस्तू घातली.

समुद्रकाठी पोचलो तेव्हा लेक अंगणात उभी होती. "बाबा, आत या ना," ती म्हणाली. "इथेच बरंय," काका म्हणाले आणि माझ्या पायरीवर बसले. जावई बोटीवर कामाला, महिन्यातून आठवडाभर घरी. तेही विचारून थकले. काकू दिवसभर घरात असायच्या आणि झोपायला माझ्याकडे यायच्या. काकांचं जेवण, चहा सगळं माझ्या पायरीवर.

ते घर आतून असतं तरी कसं, याची मला फार उत्सुकता. काकांनाही होती. माझ्या खिडकीतून ते तासन् तास तिकडेच बघत बसायचे. घर काही पडलं नव्हतं. लेक दर थोड्या दिवसांनी तारेच्या ब्रशानं एखाद्या खिडकीचे लोखंडी गज घासायची, गंज रोखणारं लाल अस्तर द्यायची, वाळू द्यायची आणि मगच रंगाचा डबा उघडायची.

"पुरतं वाळू दे गं!" काका न राहवून ओरडायचे.

"वाळवतेय, बाबा. तुम्हीच तर शिकवलंय."

यावर काका मान फिरवायचे आणि रुमालानं डोळे पुसायचे. खारा वारा झोंबतो म्हणायचे. वारा नेमका तेव्हा बिलकूल नसायचा. आत जावंसं त्यांना फार वाटत होतं, पण एकदा थुंकलेलं गिळायचं कसं?

रविवारी काका कडीला तेल द्यायचे. सोमवारी ते फिरायला गेले की काकू वाटीत पाणी घेऊन यायच्या, त्यात मूठभर मीठ विरघळवायच्या आणि चिंधीनं तीच कडी पुसायच्या. इकडे तेल, तिकडे मीठ! काय चाललंय, मला उमगेना. विचारायची तर सोय नाही.

असे काही महिने गेले. एका रविवारी काकांनी तेलाचा डबा आणला, कडीवर बोट फिरवलं, निरखलं आणि ते बोट जिभेला लावलं. मग घराकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. तेल न देताच त्यांनी डबा माझ्या दाराबाहेरच्या खुंटीला टांगला. पुढच्या रविवारीही तो खुंटीवरच राहिला.

मग एक दिवस फिरायला जाताना लावलेली कडी गंजून बसली ती बसलीच. संध्याकाळी दोघं बंदराकडून फिरून आले. बोचरा वारा सुटला होता. काकांनी कडीला हात लावला. अहो, जन्मभर गंजलेले बोल्ट सोडवलेला माणूस तो! टाचेचा एक ठोका पुरला असता. पण त्यांनी ती दोन बोटांनी नाजूकपणे हलवल्यासारखी केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "हे काही उघडत नाही बुवा!"

काकू म्हणाल्या, "अगबाई! आता हो?" दोघांचे कपडे त्यांनी आदल्याच दिवशी धुवायचे म्हणून घरात नेऊन ठेवले होते.

दारात लेक आली. तिनं दार सताड उघडं धरलं. "मग या की आत, बाबा."

काका जरा घुटमळले. "थांब, पाय धुऊन येतो," म्हणाले. घरात शिरताना त्यांनी उंबऱ्याजवळच्या खिडकीच्या गजावर हात फिरवला आणि काकूंना म्हणाले, "माझ्या लेकीनं काम चोख केलंय हं."

माझ्या लेकीनं! ऐकलंत ना?

तेव्हापासून मी रिकामा आहे. पलंगावर धूळ साचलीय आणि घर आतून कसं असतं ते मला अजूनही कळलेलं नाही. मात्र काकांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येतं. वाईट वाटतं का? वाटतं थोडं. पण मला निवडलं होतं ते हट्ट संपेपर्यंत टिकायला, आणि मी टिकलो.

तुम्ही चांगली माणसं दिसता, म्हणून एक सांगतो. तेलाचा डबा तिथेच खुंटीवर आहे. त्याला हात लावू नका.