कुटुंबामागे चार

निळा, जाडसर, ब्रोकोलीच्या देठांना असतो तसला रबरबँड. मुम्मो असले रबरबँड टाकत नाही, धुऊन खिडकीच्या कडीला लावून ठेवते, आणि दर गुरुवारी त्यातला एक त्या आठवड्याच्या, दुकानांच्या जाहिरात-पत्रकांच्या गुंडाळीवर चढतो. आत्ता तिच्या हातमोज्यातल्या बोटांना तो निघत नव्हता, आणि गाडी चालवता चालवता रोंडाचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या ताणलेल्या निळ्याकडे जात होतं... तुटेल आता. तुटला नाही.

"रस्त्याकडे बघ," मुम्मो म्हणाली. "बर्फात दोघी मेलो, तर स्वस्त लोण्याचा उपयोग काय?"

"लोणी आहे या आठवड्यात?"

"नदीपलीकडच्या दुकानात. तीन सत्त्याण्णव." दुसरी एखादी बाई नव्या नातवंडाचं वजन सांगते तशा आवाजात तिने सांगितलं.

नदीपलीकडे त्या जाणार नव्हत्याच. जवळच्या मोठ्या दुकानात तेच लोणी सातला होतं. पण काउंटरवर पलीकडच्याचं पत्रक दाखवलं आणि कंपनी तीच, वजन तेच निघालं, की इथेही तो भाव लागतो. थंडर बेच्या डिसेंबरात पेट्रोल जाळत गावभर हिंडायचं, की गरम स्वयंपाकघरात कॉफी पीत पत्रकं वाचायची? मुम्मोला हा प्रश्नच वाटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन आल्यावर, सासू म्हणून रोंडाला पहिली गोष्ट तिने शिकवली ती ही. पुल्लाचं, म्हणजे वेलदोडा घातलेल्या फिनिश गोड पावाचं, पीठ मळणं नंतर.

रोंडाने सकाळपासून एक वाक्य तयार ठेवलं होतं. जलशुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवताना ती ते मनात फिरवत होती, घासून गुळगुळीत करत होती. मुम्मो, पुढच्या गुरुवारपासून तुला शेरिल नेईल. बस, एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे? तिमोने काल फोन केला होता. मुम्मोचा मुलगा तो, आणि या शरद ऋतूपर्यंत, निदान कागदोपत्री, माझा नवरा. तो चांगलंच बोलत होता, तेच अवघड होतं. तू किती वर्षं हे ओझं वाहणार, रोंडा, शेरिल दुपारची मोकळी असते, तिलाही आईची जरा ओळख होईल. आणि मग, जरा थांबून — तूच सांग ना तिला, तुझं ऐकते ती. मी "बरं" म्हणाले. ओझं, हा शब्द मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात राहिला. लेक, आनेली, कॅलगरीला गेल्यापासून आठवड्याचे बाकीचे सहा दिवस कसे जातात हे मी तिमोला कशाला सांगू? आणि सांगणार तरी कुठल्या नात्याने?

दुकानात मुम्मोने ट्रॉलीवर भार टाकला. गुडघ्यामुळे हल्ली ट्रॉली तिची काठीच झाली आहे. मसाल्यांपाशी तिने वेलदोड्याची बाटली उचलून झाकणाशी नाक नेलं.

"बंद बाटलीला वास येतो?"

"जुन्या मालाला येत नाही. ताज्याला येतो." तिने दोन बाटल्या परत ठेवल्या, तिसरी घेतली. "परवा तिमोची ती आली होती, शेरिल. कॉफी घेऊन आली. छान पिशवी, सोनेरी. केवढ्याला मिळाली, विचारलं, तर म्हणाली लक्षात नाही."

"मनापासून आणली असेल."

"मनापासूनच आणली. मी कुठे नाही म्हणते?" मग बरंच पुढे गेल्यावर, बटाट्यांपाशी — "पण लक्षात कसं राहत नाही गं?"

आता सांगावं. अंड्यांच्या कपाटाशी रोंडाने तोंड उघडलंही. पण मुम्मो खोक्यातलं एकेक अंडं बोटाने हळूच फिरवून बघत होती, खालून तडकलेलं अंडं चिकटून बसतं म्हणून, आणि असं लक्ष देऊन काही करणाऱ्या माणसाला मधेच थांबवणं रोंडाला जमत नाही. निदान स्वतःला तिने हेच कारण दिलं.

काउंटरवर मुम्मोने लोण्याचे पुडे पट्ट्यावर मांडले. चार. मग मधे प्लॅस्टिकची आडवी दांडी, आणि पलीकडे आणखी चार. काउंटरवरचा माणूस नवा होता, छातीवर ड्वेन असं नाव. पत्रकातल्या लोण्याच्या चित्राखाली बोट ठेवून तो बारीक अक्षरं वाचू लागला.

"कुटुंबामागे चार," तो म्हणाला.

"तेवढेच आहेत," मुम्मो म्हणाली. "चार हे, चार ते."

ही तिची जुनी कला. पूर्वी त्या दोघी रांगेत मधे एखादं माणूस घालून उभ्या राहत, ओळख नसल्यासारख्या. आनेलीच्या वेळी रोंडाला आठवा लागला होता, आणि मागून मुम्मोने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "कितवा महिना, बाई?" आठवा, रोंडाने सांगितलं होतं. "आणि सासू काही करते का तुमची?" नावालाच हो, रोंडा म्हणाली होती, आणि मधला माणूस दोघींकडे सहानुभूतीने बघत राहिला होता. नंतर गाडीत त्या इतक्या हसल्या की मुम्मोला किल्ली लावता येईना... आठ पुडे मांडीवर, आणि पोटात पोर लाथा मारतंय.

"तुम्ही दोघी एकाच घरच्या?" ड्वेनने विचारलं. संशयाने नव्हे, त्याला फक्त बिलाच्या यंत्राला काहीतरी सांगायचं होतं.

रोंडा वाट बघत राहिली. मुम्मो गुंडाळीची कड नीट करत होती, फार नीट. उत्तर रोंडाकडे आलं होतं. नाही, एवढंच म्हणायचं. इतकी वर्षं हे "नाही" खोटं होतं, आणि आज, पहिल्यांदाच, ते खरं होतं. न्यायालयाचा शिक्का होता त्यावर.

"हो," ती म्हणाली. "एकाच."

"मग चारच मिळतील."

मुम्मो, जी दहा सेंटसाठी मॅनेजरला बोलावते, ती मुम्मो गप्प राहिली. ड्वेनने दांडीपलीकडचे चार पुडे उचलून मागे ठेवले.

गाडी निघाली. पहिला सिग्नल गेला. दुसऱ्याला लाल लागला.

"चार पाउंड लोणी," मुम्मो म्हणाली.

"हो."

"नाताळाच्या तोंडावर."

"हो, मुम्मो."

"आणि या वेळी तर खोटंही बोलावं लागलं नसतं."

काच पुसणारी पाती एकदा गेली, परत आली. रोंडाने तिरक्या नजरेने पाहिलं. मुम्मो समोर बघत होती, टोपीखाली कान लाल, ओठ लोण्याच्या हिशेबात असतात तसे मिटलेले. ती रागावली होती का? होती. बाकी काही होतं का? कळायला मार्ग नव्हता. काउंटरवरचं तिचं गप्प राहणं रोंडाने पुन्हा एकदा समोर धरून पाहिलं, उजेडात बाटली धरावी तसं, आणि तिला कबूल करावं लागलं की ते ऐकू न आल्याने असेल, गुडघा दुखत असल्याने असेल, मला हवं आहे त्या कारणानेही असेल. एका नमुन्यावर कुणी निष्कर्ष काढत नाही.

पण मग हेही खरं, की दुसरा नमुना कुणी घेतलाच नव्हता. तिमोने तिला विचारलं नव्हतं. त्याने मला सांगितलं, मी तिला सांगणार होते. तिचे गुरुवार आम्ही दोघांनी फोनवर परस्पर वाटून टाकले होते, आणि मी — ते जाणार म्हणून रात्रभर हळहळणारी मी — तिच्या मनात काय आहे हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं? की उत्तर शेरिल असं आलं तर, या भीतीने मी सुचू दिलं नव्हतं? विचारलं की ते उत्तरही येऊ शकतं. सोनेरी पिशवी मनापासून आणलेली होती, मुम्मोच म्हणाली.

सकाळचं गुळगुळीत वाक्य रोंडाने मनात शोधलं. ते तिथेच होतं, पण उचलावंसं वाटेना. त्याच्या जागी दुसरं काही अजून तयार नव्हतं, नुसता तो न विचारलेला प्रश्न होता, ओबडधोबड, आणि नवल म्हणजे त्याची तिला लाज वाटत नव्हती.

"हिरवा लागला," मुम्मो म्हणाली.

"बघितलं," रोंडा म्हणाली, आणि गाडी हळू, अगदी हळू पुढे काढली. मुम्मोच्या घरापर्यंत अजून बराच रस्ता होता.