पालथी प्लेट

त्या रविवारी आप्पांनी राउटर, म्हणजे लाकडाच्या कडांना गोलाई देणारं हातातलं यंत्र, पालथा केला, त्याच्या बुडाचा काळा बेस सोडवला आणि माझ्या हातात दिला. "धर शर्मू. पाडू नको."

साल चौऱ्याण्णव. तुर्भ्यातला आमचा गाळा. सानपाड्यात नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दारांना, शोकेसना गोलाईच्या पट्ट्या मागणारी गिऱ्हाइकं वाढली होती. हातात धरलेला राउटर बारीक पट्टीवर डगमगतो. म्हणून आप्पांनी टेबल करायला घेतलं होतं. यंत्र टेबलाखाली उलटं टांगायचं, फक्त पातं वर ठेवायचं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. यंत्र टांगण्यासाठी मधोमध हायलमची, म्हणजे प्लास्टिकसारख्या टणक पत्र्याची, जाड, तपकिरी प्लेट होती, पातं वर यायला मध्ये भोक पाडलेली. टेबलाच्या खाचेत ती इतकी नेमकी बसली होती की हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता.

आप्पांनी बेस प्लेटवर ठेवला, त्याच्या भोकांतून पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि ड्रिल चालवलं. मग प्रत्येक भोकाचं तोंड वरून मोठं केलं, स्क्रूचं डोकं आत बुडावं म्हणून.

"डोकं वर राहिलं की लाकूड अडकतं," ते म्हणाले. "तुझा काका अडकतो तसं."

"बसवते मी, आप्पा."

"उद्या बघू. तू हात धू. नखात भुसा घेऊन लायब्ररीत जाऊ नको."

कॉलेजच्या लायब्ररीतली माझी नोकरी ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीत फळ्या निवडताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं आणि साताऱ्याहून जयप्रकाशकाका टेम्पो घेऊन आले. आप्पांचे धाकटे भाऊ. आई आणि मी गाळ्यातच होतो.

"हत्यारं घराण्याची असत्यात, वहिनी. माझ्या पोरांच्या कामाला येतील," काका म्हणाले. "खंडेनवमीला त्यांची पूजा कोन करनार हितं? ही? ही उद्या लगीन करून जाईल."

"करंल की पूजा," आई म्हणाली. "हात हायेत तिला."

"पूजेचं सोडा वहिनी, काम कोन करनार?"

"मी," मी म्हणाले.

काका हसले. "बरं. मग ते यंत्र टांगून दाव. न्हाई जमलं तर टेम्पोत. जमलं तर मी तोंड उघडनार न्हाई."

मी प्लेट खाचेतून काढली, राउटर उलटा उभा केला, बेसच्या जागी प्लेट त्याच्यावर ठेवली. आप्पांनी काड्यापेटीत ठेवलेले लांब स्क्रू घेतले. पहिला बसला. दुसऱ्या भोकाखाली आटेच नव्हते. प्लेट फिरवली. तरी एकच बसला.

काका वाकून बघत होते. "दादाचं अखेरचं काम वाकडं निघालं म्हनायचं. नजर गेली हुती त्याची. टाक ती प्लेट भंगारात."

"आप्पांचं काम वाकडं नसतं."

"डोळ्यांनी बघतीस न्हवं?"

"बघतेय. तुम्ही जरा उजेडातून सरका."

मी सुटा बेस घेऊन आप्पांनी ठेवला होता तसाच प्लेटवर ठेवला. चारही भोकं नीट जुळली. म्हणजे आखणीत, ड्रिलमध्ये चूक नव्हती. बेसच्या चार भोकांतली अंतरं मात्र सारखी नव्हती, एकेक वेगळं. मी बेस उचलून उलटा केला. एक भोक जुळवलं की बाकीची जुळेनात.

मग कळलं. आयुष्यभर आप्पांनी राउटर लाकडावर उभाच ठेवला होता. बेसची गुळगुळीत बाजू खाली, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ की त्या दिवशीही हात तसाच गेला. पण इथे यंत्र उलटं टांगायचं होतं, म्हणून बेसही उलटा ठेवून आखायला हवं होतं. आखणी आरशातल्यासारखी झाली होती.

मी प्लेट पालथी केली.

राउटरवर ठेवली. चारही आटे भोकांखाली आले.

"आता स्क्रूची डोकी वर राहतील की," काका म्हणाले. एवढं त्यांना कळत होतं.

"राहू देणार नाही."

प्लेट जाड होती. मी ड्रिलने या बाजूनेही भोकांची तोंडं मोठी केली. स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. नख फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. राउटर धरून प्लेट खाचेत उतरवली. सांधा आताही हाताला लागला नाही. आप्पांनी वरून मोठी केलेली तोंडं आता खाली, यंत्राकडे होती. ती बुजवायची नाहीत, हे मी तेव्हाच ठरवलं.

पातं लावलं, बटण दाबलं. सागाची पट्टी उजवीकडून डावीकडे, पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवली. भुसा अंगावर उडाला. यंत्र बंद केलं आणि पट्टी काकांच्या हातात दिली. त्यांनी गोलाईवरून अंगठा नेला, परत आणला.

"अगं, पन ती लायब्री?" ते म्हणाले. आवाज उतरला होता. "दादा गावभर सांगत हुता. त्याला काय वाटंल?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावर हात ठेवला. प्लेट अजून कोमट होती.

"आप्पा," मी मोठ्याने म्हणाले, "मला लायब्ररी कधीच नको होती. मला सुतार व्हायचं होतं. तुमच्या हाताखाली."