बाथरूममधली अंबाडी

रियाधमध्ये एकोणीस वर्षं काढूनही आसावरीची जीभ अकोल्यातच राहिली होती. अल मलाझच्या दुकानांत अंबाडीची भाजी मिळे, पण ती विमानप्रवासाने दमलेली. म्हणून यंदा तिने माहेरून बी आणलं आणि गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पेरायला घेतलं. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, देवदत्तने विचारलं, “मातीच का?”

देवदत्त बँकेत ऑडिटला होता. तुलना केल्याशिवाय त्याला बनियनसुद्धा विकत घेता येत नसे. त्याने निम्मं बी उचललं, दुसऱ्या बाथरूममध्ये प्लॅस्टिकचे पाइप बसवले, त्यांत खतमिश्रित पाणी खेळवलं आणि वर जांभळे दिवे टांगले. माती हरली तर गच्चीवरच्या बादल्या जाणार, पाणी हरलं तर बाथरूम मोकळी होणार, असं ठरलं. तोवर आसावरी, तो आणि कॉलेजात जाणारी मुलगी नूपुर एकाच बाथरूमबाहेर रांग लावू लागले.

दर शुक्रवारी देवदत्त मोजपट्टी घेऊन निघे. उंची, पानं, तारीख, खाली सही. सहाव्या आठवड्यात माती अकरा सेंटिमीटर, पाणी एकतीस. बिचारी माती वरच येईना. देवदत्तला इतका आनंद झाला, की त्याने जांभळ्या उजेडातला फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘घरच्या घरी, मातीशिवाय.’

दहा मिनिटांत डॉक्टर रूपेशचा फोन आला. तो सरकारी हॉस्पिटलात होता आणि सहसा घाबरत नसे.

“देवदत्तराव, तो फोटो आधी काढून टाका. पानं गांजाची दिसतायत.”

“अहो, अंबाडी आहे ती.”

“मला माहितीये. पोलिसांचं आजोळ काय अकोल्याला आहे?”

देवदत्तने फोटो काढून टाकला, पण तोवर बेचाळीस जणांनी तो पाहिला होता. मग त्याने मोबाइलवर दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली. पाच बोटं इकडे, पाच बोटं तिकडे, कडेचे दातेही तसेच. इथे गांजा म्हणजे नोकरी गेली, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना गेला आणि घरी परतायचं ते तुरुंग भोगून, तेही नशीब असेल तर.

“तुझीच जास्त तशी दिसतात,” तो बायकोला म्हणाला.

“माझी बादलीत आहेत, उघड्यावर,” आसावरी म्हणाली. “बंद बाथरूम, जांभळे दिवे, पाइप कोणाचे? आणि दर शुक्रवारी वाढ लिहून खाली सही कोणाची?”

देवदत्त तक्त्याकडे बघत राहिला. इतकी टापटीप हिशेबवही ठेवणारा गुन्हेगार कुठल्याच पोलिसाला सापडला नसेल. तरीही त्यातल्या त्यात एकतीसचा आकडा पाहून त्याला जरा बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

शेवटी ठरलं की सगळं शिजवून खाऊन टाकायचं. बादल्या खाली आल्या, पाइप रिकामे झाले आणि जेवणाच्या टेबलावर अंबाडीचा डोंगर उभा राहिला. देवदत्तने दोन पातेली काढली, एक मातीचं, एक पाण्याचं. आसावरीने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याने मुकाट एकच पुढे केलं. नूपुर सोफ्यावरून म्हणाली, “बाबा, धिस इज टॅम्परिंग विथ एव्हिडन्स.” तिच्याही हातात विळी दिली.

लसणाची फोडणी तडतडली आणि दाराची बेल वाजली. बाहेर इमारतीचा राखणदार मुझम्मिल उभा होता. हा निजामाबादचा, नमाज न चुकवणारा, सरळ माणूस. आज मात्र त्याची नजर जमिनीवर होती.

“साब, एक बात बोलनी थी. छत के झाडां की.”

देवदत्तने दार अर्धं ओढून घेतलं. हा पोलिसांत सांगून आला असेल, की आता सांगायला जाणार असेल? त्याने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आसावरी झारा धरून उभी होती, आणि तिला कोणी घेऊन जाईल या विचाराने त्याला रडूच फुटायला आलं.

“मुझम्मिलभाई,” तो म्हणाला, “उसमें बीवी का कुछ नहीं. माटी का भी मेरा, पानी का भी मेरा.”

एकोणीस वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच तिची वस्तू आपल्या नावावर घेतली होती, आणि तीही अशा वेळी. आसावरीचे डोळे भरून आले.

“आपकाच है साब,” मुझम्मिल म्हणाला. “इसीलिए माफी मांगने आया. चार हफ्ते से हर जुमेरात कू मैं कोंपलां तोड लेरा था. हमारे यहां गोश्त में डालते ना अंबाडा. आज बादल्यां नहीं दिखे तो समझा, आपकू मालूम पड गया.”

देवदत्तने मनात हिशेब मांडला. इकामा शाबूत, नोकरी शाबूत, बायको शाबूत. देवाचे आभार मानून झाल्यावर त्याच्या डोक्यात शब्द उमटला, जुमेरात. म्हणजे गुरुवार. गुरुवारी शेंडे खुडलेले आणि मोजणी शुक्रवारी.

“अहो, ऐकलंत ना?” आतून आसावरीचा आवाज आला. त्यात आता पाण्याचा टिपूस नव्हता.

“मगर पानी वाला तो ज्यादा बढ़ा था,” देवदत्त म्हणाला. “वो क्यों नहीं लिया?”

मुझम्मिल अवघडला. “नल ठीक करने आया तब एक पत्ता चखा था साब. उसमें खट्टाच नहीं था.”

आसावरी टॉवेल घेऊन शांतपणे दुसऱ्या बाथरूमकडे निघाली. दारात उभ्या देवदत्तला क्षणभर अगदी मनापासून वाटलं, यापेक्षा पोलीस आले असते तर परवडलं असतं.